मूठभर ब्लूबेरीने मधुमेह जात नाही

सध्या इंदूरच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. सकाळी लोकमान्य नगरच्या भजनी मंडळात आला की संध्याकाळपर्यंत राजेंद्र नगरच्या भिशीत पोचलेला असतो. म्हणणं असं: रोज उपाशीपोटी मूठभर ब्लूबेरी खा. तीन महिन्यांत शुगर मुळापासून जाते, हृदयाच्या नळ्या साफ होतात, विसरभोळेपणा थांबतो, चष्मा सुटतो. जगात सर्वांत जास्त अँटिऑक्सिडंट याच फळात आहेत आणि देशी फळांत त्यातलं काही नाही.

माझं काम आहारसल्ल्याचं, म्हणून हा मजकूर मला रोज कुणीतरी दाखवतं. परवा एका काकूंनी तर पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून विचारलं, "मग ही बंद करू का गं?" म्हणून शुगरपासूनच सुरुवात करते.

या दाव्याला आधार म्हणून बहुधा २०१३ सालचा, 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधला एक अभ्यास पुढे केला जातो. अमेरिकेतल्या १,८७,३८२ नर्सा आणि इतर आरोग्य कर्मचाऱ्यांचा आहार वर्षानुवर्षं नोंदवून तो केला होता. आठवड्यातून तीनदा ब्लूबेरी खाणाऱ्यांना टाइप-२ मधुमेह होण्याची शक्यता सुमारे २६ टक्क्यांनी कमी दिसली. आता नीट बघा. ही गोष्ट मधुमेह *होण्याची* आहे, झालेला *जाण्याची* नाही. शिवाय ही नुसती नोंद आहे. आवर्जून बेरी खाणारा माणूस चालायलाही जात असेल, सिगारेटही ओढत नसेल. संशोधक असे फरक हिशेबात घेतात, पण सगळे पकडता येत नाहीत. त्याच अभ्यासात द्राक्षं आणि सफरचंदांचाही फायदा दिसला, आणि फळांच्या रसाने उलट धोका वाढलेला दिसला. हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही, कारण मग ज्यूस सेंटरवाल्याचं काय होणार! काकूंना सांगितलं, गोळी चालूच ठेवा.

हृदयाच्या बाबतीत मजकुरात थोडं तथ्य आहे. इंग्लंडमध्ये २०१९ साली सहा महिन्यांचा प्रयोग झाला. माणसं ५० ते ७५ वयाची, जास्त वजनाची, मेटाबॉलिक सिंड्रोम (म्हणजे पोटाचा घेर, रक्तदाब, शुगर, चरबी यांतलं बरंच काही एकत्र बिघडलेलं) असलेली. रोज १५० ग्रॅम ब्लूबेरीइतकी पूड घेणाऱ्यांच्या रक्तवाहिन्या जरा चांगल्या फुलू लागल्या. 'नळ्या साफ' झाल्याचं त्यात कुठेही नाही. इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही त्यात, फरक पडला नाही. आणि ७५ ग्रॅमइतकी पूड घेणाऱ्यांच्या रक्तवाहिन्यांमध्येही काही सुधारणा दिसली नाही. म्हणजे 'मूठभर' हे माप तिथेच निकालात निघालं. पैशांपैकी काही अमेरिकेच्या ब्लूबेरी उत्पादकांच्या संस्थेने दिले होते. त्याने प्रयोग खोटा ठरत नाही, पण वाचताना ध्यानात ठेवावं. आता हिशेब करा. आपल्याकडे १२५ ग्रॅमची डबी अडीच-तीनशेला मिळते. रोज १५० ग्रॅम म्हणजे महिन्याला साडेचार किलो, छत्तीस डब्या, नऊ ते अकरा हजार रुपये. तेवढ्यात घरची भाजी, डाळ आणि वर पोहे-जलेबीही निघते, भिया!

स्मरणशक्तीचं म्हणाल तर ज्या प्रयोगाचा गाजावाजा होतो तो २०१० चा, अमेरिकेतल्या सिनसिनाटीचा. त्यात वयस्कर माणसं होती नऊ. बारा आठवडे ती रोज जवळपास अर्धा लिटर ब्लूबेरीचा रस प्यायली आणि काही चाचण्यांत त्यांचे गुण वाढले. उत्सुकता वाटावी एवढं नक्की आहे, पण नऊ माणसांवरून अख्ख्या इंदूरच्या आजी-आजोबांना सल्ला देता येत नाही.

चष्मा सुटत नाही. पुढे जाऊ.

'सर्वांत जास्त अँटिऑक्सिडंट' हे येतं ओरॅक नावाच्या आकड्यावरून. तो परीक्षानळीत मोजतात. अमेरिकेच्या कृषी खात्यानेच त्याची मोठी यादी प्रसिद्ध केली होती आणि २०१२ साली स्वतःच मागे घेतली, कारण नळीतला आकडा पोटात गेल्यावर तसाच चालतो याला पुरावा नाही. क जीवनसत्त्व बघायचं तर १०० ग्रॅम ब्लूबेरीत १० मिलिग्रॅमच्या आतच असतं. पेरूत दोनशेच्या वर.

आणि देशी फळांत काही नाही? ब्लूबेरीला निळा रंग देणारी जी अँथोसायनिन द्रव्यं आहेत, त्यांतली डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन, माल्व्हिडिन जांभळातही आहेत. पावसाळा सुरू झाला की हातगाडीवर मीठ भुरभुरून मिळतात तीच जांभळं. खाल्ल्यावर जीभ काळीनिळी होते ती याच रंगाने. अर्थात याचा अर्थ जांभळाने मधुमेह जातो असाही नाही. बियांच्या पुडीचा मजकूर दुसऱ्या ग्रुपवर आलाय, तोही मला पाठवू नका.

ब्लूबेरी आवडत असेल तर खुशाल खा. फक्त ताजी किंवा फ्रोझन घ्या. सुक्या मेव्याच्या दुकानातल्या सुकवलेल्या बेरीच्या पाकिटाची मागची बाजू वाचा, बहुतेकदा साखर घातलेली असते. मफिनमधली ब्लूबेरी मी मोजत नाही.