रेडियमच्या पट्टीत रेडियम नसतं

परवा बाबांचं सायकलचं जॅकेट दोरीवर वाळत घातलेलं दिसलं आणि त्यावरच्या चंदेरी पट्ट्या गायब होत्या. आईनं ब्लेडनं एकेक टाका उसवून त्या काढल्या आणि कचऱ्यात टाकल्या. का, म्हणून विचारलं तर तिनं मोबाइल पुढे केला. नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘सायकल चालवणाऱ्यांनो सावधान’ असा मेसेज आला होता. दोन दिवसांत तोच मला सोसायटीच्या आणि शाळेच्या ग्रुपवरही आला.

बाबा ६६ वर्षांचे आहेत. आठवड्यातून चार दिवस पहाटे पाचला भांडुपहून निघतात, पूर्व द्रुतगती महामार्गानं मुलुंड, तिथून ऐरोली पूल, आणि परत. त्या वेळी अंधार असतो, रस्ता मोकळा असतो आणि डंपर-टँकर सुसाट असतात. तिथे ते आठवडाभर बिनपट्टीच्या जॅकेटमध्ये गेले. त्यामुळे हे शांतपणे लिहिणं मला जमणार नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: जॅकेटवरच्या रेडियमच्या पट्टीतून किरण निघतात आणि कर्करोग होतो. भडक रंगानं गाडीवाल्याचे डोळे दिपतात, त्यापेक्षा साधे गडद कपडे बरे. पॉलिस्टर घातक, शंभर टक्के सुतीच घाला. सायकलसाठीच्या, आत गादी असलेल्या पॅडच्या चड्डीनं पुरुषत्व जातं. आणि शेवटी, ही सगळी कंपन्यांची लूट आहे, आपले डबेवाले कुठे असलं काही घालतात?

आधी रेडियम. आपल्याकडे या पट्टीला सगळेच रेडियम म्हणतात. नंबरप्लेटवाल्याच्या दुकानावर ‘रेडियम’ अशी पाटी असते, रिक्षाच्या काचेवरची नावं रेडियमची असतात. नाव तेवढं आहे, पदार्थ नाही. एकेकाळी घड्याळाच्या काट्यांना खरोखरच रेडियम मिसळलेला रंग लावत आणि ते अंधारात आपोआप चमकत. अमेरिकेत १९२० च्या दशकात हे काम करणाऱ्या मुली ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरत. रेडियम पोटात जाई. त्यातल्या कित्येकींच्या जबड्याची हाडं सडली, काही जणी दगावल्या. भीतीला एवढा खरा आधार आहे, तो मी नाकारत नाही.

पण आपल्या पट्टीत असतात काचेचे अतिशय बारीक मणी, नाहीतर प्लॅस्टिकचे चिमुकले लोलक. प्रकाश जिकडून येतो तिकडेच ते तो परत पाठवतात. हेडलाइटचा उजेड उलटून हेडलाइटकडे, म्हणजेच चालकाच्या डोळ्यांकडे जातो. पट्टीचा स्वतःचा उजेड नसतोच. घरी करून बघा. खोलीत मिट्ट अंधार करा, पट्टी दिसणार नाही. मग मोबाइलचा टॉर्च कानशिलाशी धरून तिच्यावर मारा, लख्ख उजळेल. आता टॉर्च दुसऱ्या कुणाला दूर, बाजूला उभं राहून मारायला सांगा, तुम्हाला ती पुन्हा मंद दिसेल. रेडियमचा रंग असता तर टॉर्च लागलाच नसता. मी हे आईला बेडरूमचे पडदे ओढून दाखवलं, तेव्हा कुठे तिला पटलं. किरणोत्सर्गी पदार्थांवर देखरेख करणारं अणुऊर्जा नियामक मंडळ याच शहरात, अणुशक्तिनगरला आहे. रेडियम असं मीटरवर कापून कोपऱ्यावरच्या दुकानात विकत मिळत नाही.

आता डोळे दिपण्याचं. हा मुद्दा सगळ्यात जास्त जिवावर उठणारा आहे, कारण त्याचा शेवट ‘गडद कपडे घाला’ असा होतो. जॅकेटचं भडक, फ्लुरोसंट कापड म्हणजे दिवा नव्हे. उन्हातले आपल्याला न दिसणारे अतिनील किरण ते दिसणाऱ्या प्रकाशात बदलतं, म्हणून आजूबाजूच्या गर्दीतून उठून दिसतं. डेन्मार्कमध्ये २०१२-१३ या वर्षात ६,७९३ सायकलस्वारांवर याचा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले आणि एका गटाला पिवळं जॅकेट दिलं. दुसऱ्या कुणाशी टक्कर होऊन इजा झाली, असे अपघात जॅकेटवाल्या गटात ४७ टक्क्यांनी कमी निघाले. अपघात लोकांनी स्वतःच कळवलेले होते, म्हणून संशोधकांनी तेवढी सूट धरून आकडा ३८ टक्क्यांवर आणला. तिथे सायकलींना वेगळे मार्ग आहेत, तोच आकडा महामार्गावर मिळेल असं मी म्हणणार नाही. पण पिवळ्या रंगानं गाडीवाल्यांचे डोळे दिपत असते, तर अपघात वाढायला हवे होते.

मात्र पहाटे पाचला ऊन नसतं, त्यामुळे नुसता पिवळा रंग फिका पडतो. तिथे काम करते ती पट्टीच. म्हणजे या मेसेजनं अंधारातली पट्टीही काढून घेतली आणि उजेडातला रंगही. ज्यानं हे लिहिलं त्यानं एकदा काळोखात महामार्गाच्या कडेनं सायकल चालवून बघावी. पट्टी घोट्यालाही बांधा. पॅडल मारताना ती वर-खाली होते आणि पुढे माणूस सायकल चालवतोय हे चालकाला लांबूनच ओळखू येतं. पाठीवर सॅक असेल तर पट्टी सॅकवर हवी. पावसात रेनकोटचा मागचा घोळ सीटखालच्या लाल दिव्यावर येत नाही ना, तेही बघा.

एवढं करूनही बेफाम गाडी कपड्यांनी थांबत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी मुंबईतल्या पाम बीच रस्त्यावर पहाटे सायकल चालवणारे इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी टॅक्सीच्या धडकेत गेले. चालकाची जबाबदारी सायकलवाल्याच्या अंगावरच्या कपड्यांवर ढकलता येत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

सुती कपड्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. मंडईपर्यंत किंवा स्टेशनला जायचं तर सुती शर्ट उत्तम. पण मुंबईच्या दमट हवेत तासभर चालवा. सुती कापड घाम पिऊन ओलंच राहतं, अंगाला चिकटतं आणि काखेत, मांडीत घासतं. पॉलिस्टर पाणी जवळजवळ धरतच नाही, म्हणून लवकर सुकतं. जीन्सची जाड शिवण तर दहा किलोमीटरात रडवते.

पॅडच्या चड्डीनं पुरुषत्व जातं, याला काहीही आधार नाही. ती आत दुसरं काही न घालता वापरायची आणि दर वेळी धुवायची. बधिरपणा येत असेल तर सीटची उंची आणि आकार तपासा, थांबत नसेल तर डॉक्टरांकडे जा.

डबेवाले दिवसाउजेडी, गर्दीच्या रस्त्यांवर सायकल चालवतात, तेही पांढऱ्या कपड्यांत. त्यांची आणि पहाटेच्या महामार्गाची तुलना होत नाही. महागड्या जर्सीची गरज नाही, हे मात्र मान्य. साधं पिवळं जॅकेट आणि मीटरवर मिळणारी पट्टी पुरते.

नवी पट्टी मी काल आणली. आई शिवायला बसली आहे. तिला सांगितलंय, कमरेजवळची आधी शीव. बाबा वाकून चालवतात, छातीवरची जमिनीकडे वळते.