एकही बाप्तिस्मा नाही, मग एवढी वर्षं केलं काय?

रविवारी मिशन संडे होता, म्हणजे मिशनऱ्यांच्या कामासाठी प्रार्थना करायचा रविवार. मिसा, म्हणजे आमची रविवारची उपासना, संपल्यावर चर्चबाहेर गप्पा मारताना पॅरिशमधल्या एका काकांशी माझं जरा वाजलंच. विषय ॲमेझॉनचा निघाला. मी त्यांना कात्रिमानीबद्दल सांगत होते. ब्राझीलच्या उत्तर टोकाला रोराइमा राज्य आहे, तिथे यानोमामी या आदिवासी लोकांच्या जंगलात कन्सोलाता संस्थेच्या फादरांनी 1965 मध्ये मिशन सुरू केलं आणि पन्नास वर्षं उलटून गेली तरी एकाही यानोमामीला बाप्तिस्मा दिला नाही. काका म्हणाले, "मग एवढी वर्षं केलं काय?" आणि त्याच संध्याकाळी कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने टाकलं की मिशनरी म्हणजे सगळे धर्मांतराचे एजंट. एकाला बाप्तिस्मे कमी पडतात, दुसऱ्याला जास्त वाटतात. दोघांनाही उत्तर द्यायचं होतं, तिथे जमलं नाही म्हणून इथे लिहितेय. मोठं आहे, पण वाचा प्लीज.

केलं काय, तर आधी भाषा शिकले. मग 1970 च्या दशकात लष्करी सरकारने त्या जंगलातून रस्ता काढायला घेतला, आणि रस्त्याच्या कामगारांबरोबर गोवर आला, फ्लू आला. ज्या लोकांच्या अंगात या रोगांची प्रतिकारशक्तीच नव्हती त्यांच्या वस्त्याच्या वस्त्या आडव्या झाल्या. तेव्हा औषधं आणि लशी घेऊन धावणाऱ्यांत हे मिशनवाले होते. कार्लो झाक्विनी नावाचे ब्रदर आणि क्लाउडिया आंदुजार ही फोटोग्राफर, यांनी आणखी काही जणांना सोबत घेऊन 1978 मध्ये यानोमामींच्या जमिनीसाठी मोहीम उभी केली, आणि 1992 मध्ये ती जमीन अखेर सरकारदरबारी त्यांची म्हणून नोंदली गेली. चौदा वर्षं! मधे 1987 मध्ये सरकारने मिशनऱ्यांनाच तिथून बाहेर काढलं होतं, आणि त्याच काळात हजारोंनी सोनं खणणारे आत घुसले, मलेरिया आणि नदीत पारा घेऊन. तेच दुखणं पुन्हा इतकं वाढलं की जानेवारी 2023 मध्ये ब्राझीलला तिथे आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. हाडं निघालेल्या त्या पोरांचे फोटो मला अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत.

आता ग्रुपवरच्या मित्रासाठी. तू म्हणतोस ते सगळंच खोटं नाही, आणि हे मी कॅथलिक असून म्हणतेय, किंबहुना कॅथलिक आहे म्हणूनच म्हणायला पाहिजे. तिथेच खाली रिओ नेग्रो नदीवर सेलेशियन या दुसऱ्या कॅथलिक संस्थेच्या फादरांनी वसतिगृहाच्या शाळा काढल्या, आदिवासी पोरांना आईबापापासून तोडून तिथे ठेवलं, तुकानो ही त्यांची भाषा बोललं की शिक्षा. मालोका म्हणजे तिथली लांबलचक सामायिक घरं, अनेक कुटुंबं एका छपराखाली, तिथेच सण, तिथेच नाच, तर ती सैतानाची जागा म्हणून पाडायला लावली. त्या वसतिगृहाच्या शाळा 1980 च्या दशकापर्यंत चालल्या, म्हणजे माझ्या आईच्या तरुणपणापर्यंत. पोप फ्रान्सिसनी 2015 मध्ये बोलिव्हियात आदिवासींवर झालेल्या अन्यायाबद्दल चर्चच्या वतीने माफी मागितली, ते योग्यच केलं, पण पाडलेली मालोका माफीने उभी राहत नाही. नदीकाठच्या साओ गाब्रिएल गावाने 2002 मध्ये तुकानो, बानिवा आणि न्हेंगातू या तीन भाषांना अधिकृत दर्जा दिला तेव्हा मला खूप बरं वाटलं. गंमत म्हणजे न्हेंगातू रुजली ती जेसुइट या संस्थेच्या मिशनऱ्यांमुळे, ते आदिवासींची तुपी भाषा शिकले, तिचं व्याकरण लिहिलं, त्या तुपीतूनच न्हेंगातू आली आणि पसरली. आपल्याकडेही हेच झालंय ना? 1616 मध्ये फादर स्टीफन्स गोव्यात मराठी ओवीत ख्रिस्तपुराण छापतात आणि 1684 मध्ये त्याच पोर्तुगीज राजवटीत कोकणीवर बंदी येते. म्हणून मी मिशनरी चांगले की वाईट असं विचारतच नाही. भाषा शिकला का, आणि राहिला का, एवढंच बघते.

डोरोथी स्टँग राहिल्या. अमेरिकेत जन्मलेली ही सिस्टर 1966 मध्ये ब्राझीलला गेली, पुढे तिथलीच नागरिक झाली. पारा राज्यात अनापू भागात भूमिहीन लोकांबरोबर जंगल न तोडता शेती करायचे प्रकल्प उभे केले, आणि गुरांच्या कुरणासाठी जंगल जाळणाऱ्या जमीनदारांच्या डोळ्यात खुपायला लागली. 12 फेब्रुवारी 2005 ची सकाळ. वय 73. चिखलाच्या रस्त्याने ती मीटिंगला चालली होती, दोघांनी अडवलं आणि विचारलं, हत्यार आहे का? तिने पिशवीतून बायबल काढलं, म्हणाली माझं हत्यार हेच, आणि त्यातल्या ओळी वाचायला लागली. सहा गोळ्या घातल्या. सुपारी देणाऱ्या जमीनदाराला शिक्षा झाली, मग सुटला, मग परत शिक्षा, कित्येक वर्षं कोर्टकचेरी.

पण सगळीकडे राहायला माणसं आहेत कुठे, हा खरा प्रश्न. त्याच पारा राज्यातल्या शिंगूचे बिशप एर्विन क्रॉयटलर यांच्या काळात त्यांचं धर्मक्षेत्र आपल्या अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठं होतं, तिथे 800 च्या आसपास वस्त्या आणि फादर तिशीच्या आत. म्हणजे वर्षातून दोनतीनदा मिसा. इथे वसईत आम्हाला रविवारी सकाळी सातची चुकली तर पुढची असते! मग तिथला धर्म टिकवला कोणी? बायकांनी. बाप्तिस्मा त्यांनी दिला, प्रार्थना त्यांनी घेतली, मयताला त्या उभ्या राहिल्या. ऑक्टोबर 2019 च्या ॲमेझॉन सिनडमध्ये, म्हणजे पोपनी बोलावलेल्या बिशपांच्या सभेत, "भेट देणारं चर्च" नको, "राहणारं चर्च" हवं असं म्हटलं गेलं, आणि गावात मान असलेल्या विवाहित पुरुषांना फादर होऊ द्यावं याला 128 विरुद्ध 41 मतं पडली. पुढच्या फेब्रुवारीत पोपचं पत्र आलं, त्यात त्या बायकांचं कौतुक होतं, पण या मागणीवर काहीच नाही. मला पोप फ्रान्सिसबद्दल अतिशय आदर आहे, तरी इथे त्यांनी पाऊल मागे घेतलं असं मला वाटतं आणि वाईट वाटतं.

आणि ॲमेझॉन म्हटलं की आपल्याला फक्त झाडं दिसतात, पण सिनडच्याच कागदात आहे की तिथले 70 ते 80 टक्के लोक शहरात राहतात. एकट्या मनाउसमध्ये 20 लाखांवर माणसं आहेत. जंगलातून उठलेली आदिवासी कुटुंबं तिथे शहराच्या कडेला झोपड्या बांधतात. त्यांच्यासाठी होडीतून जाणारा मिशनरी नको, गल्लीत राहणारा हवा.

माझी आत्या सिस्टर आहे, तीस वर्षं डहाणूकडे वारली पाड्यांवर. मोहाची फुलं वेचायला ती बायकांबरोबर पहाटे जाते, घरी आली की तिच्या पिशवीला तो गोडसर उग्र वास असतो. काल फोनवर तिला हे सगळं सांगितलं, काकांचं, ग्रुपचं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, वादाबद्दल एक शब्द बोलली नाही. फक्त विचारलं, "अगं, तिकडे नदीचं पाणी आटलं तर होडी कशी जाते?"

2023 आणि 2024, लागोपाठ दोन वर्षं रिओ नेग्रो मनाउसजवळ विक्रमी खाली गेली होती, होड्या चिखलात रुतून बसल्या होत्या. म्हटलं, जात नाही गं. वाळूतून चालत जातात, पाण्याचे कॅन डोक्यावर घेऊन.

"किती लांब?" ती म्हणाली.