पार्किंगमधलं छप्पर

पुण्यात होडी असणं हा काही गुन्हा नाही, पण पार्किंगमध्ये होडीचं छप्पर उलटं टाकून त्यावर ग्राइंडर चालवायला लागलात की येणारा-जाणारा तुमच्याकडे तसंच बघतो. होडी मेव्हण्याची, सेकंडहँड, पानशेत धरणावर असते. तिचं हार्डटॉप म्हणजे वरचं फायबरचं छप्पर टेम्पोत घालून सिंहगड रोडला आमच्याकडे आणलं, कारण त्याच्या सोसायटीत कडक नियम आहेत आणि आमच्या सोसायटीत मी सेक्रेटरी आहे.

वरून बघाल तर चकाचक! पण आधीच्या कुणा महाभागाने लाइट बसवताना स्क्रूच्या भोकांना सीलंटच लावलं नव्हतं, तिथून पाणी झिरपत राहिलं. फायबरचे दोन थर आणि मध्ये प्लाय, अशी ही रचना. नाण्याने ठोकत जायचं, चांगल्या जागी टक्क वाजतं, कुजलेल्या जागी भद्द. आमचं बहुतेक सगळं भद्दच. मग खालचा थर कापून काढला (खालचाच, म्हणजे वरचा चकचकीत थर, जेलकोट, शाबूत राहतो) तर आतलं प्लाय चहात बुडालेल्या खारीसारखं हातात आलं. ते खरवडायचं, राहिलेलं पूर्ण वाळू द्यायचं, ओल राहिली तर सगळी मेहनत पाण्यात. आणि घासताना उडणारी काचेची ती धूळ! मास्क, गॉगल, फुल शर्ट, बाह्यांना टेप, तरी खाज कुठे सुटेल ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

भवानी पेठेतून पाण्याला टिकणारं, ७१० मार्कचं मरीन प्लाय आणलं. मंडळाचे देखावे करणारा एक ओळखीचा फायबरवाला म्हणाला, फायबर चिकटवायला साधं पॉलिस्टर रेझिन घ्या, स्वस्त पडतं, एवढ्यात मी अख्खा हत्ती उभा केला असता. पण जुन्या फायबरवर इपॉक्सी रेझिनच घट्ट धरतं, आणि इपॉक्सीत लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त ओतून चालत नाही, प्रमाण काट्यावरच मोजायचं. काटा स्वयंपाकघरातला. त्यावरून घरात जे झालं ते सोडून देऊ.

मग मे महिन्याच्या उन्हात मगमध्ये इपॉक्सी कालवलं आणि नेमके तळमजल्याचे काका आले. "काय हो, जुलैत २०२४ सारखं खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि इथे पूर आला तर आम्हाला पण घ्याल ना?" म्हटलं, काका, हे नुसतं छप्पर आहे. "मग होडी कुठाय?" पानशेतला. "मग तिथे कसला पूर येणार?" एवढ्यात मगमधून धूर! इपॉक्सी ढिगाने एका जागी राहिलं की स्वतःच तापतं, ते पटकन पातळ पसरायचं असतं, पण काकांना हे कोण सांगणार, ते तर कमिटीत आहेत.

शेवटी नवं प्लाय बसलं, वजनं ठेवून दाबलं, वर काचेच्या कापडाचे थर चढले, घासून रंगही झाला. नाणं आता सगळीकडे टक्क. मेव्हणा टेम्पो घेऊन आला, ड्रिल हातातच. "दाजी, इथे मस्त स्पीकर बसेल."

मी त्याला बसवून नीट समजावलं, की आधी मोठं भोक पाडायचं, ते इपॉक्सीने पूर्ण भरायचं, वाळलं की त्याच्या मधोमध लहान भोक, म्हणजे स्क्रू प्लायला लागतच नाही आणि पाणी शिरलं तरी आत जात नाही. त्याने सगळं शांतपणे ऐकलं.

"बरं दाजी, मग चारच पाडतो."