‘चौदा तास सांगितले, साडेसोळा लागले’ या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार. तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू वाचला. तक्रार अशी, की जानेवारीत काका-काकूंचं मुंबई–न्यूयॉर्क तिकीट आमच्याकडून काढलंत, आम्ही अंतर साडेबारा हजार किलोमीटर आणि वेळ चौदा तास सांगितली. जाताना लागले साडेसोळा, येताना साडेचौदा. वर स्क्रीनवरच्या नकाशात विमान भलतीकडूनच जाताना दिसलं, म्हणजे आम्ही लांबच्या रूटचं तिकीट गळ्यात मारलं.

आधी आमची चूक. चौदा तास हा आकडा आमच्या ऑफिसातल्या मुलाने 12,500 ला ताशी 900 ने भागून काढला. विमान काय एस.टी. आहे का, असं मी त्याला म्हणालो, पण एस.टी.चाही वेळ असा निघत नाही. तिकिटावर सुटायची वेळ रात्री 1:30 आणि पोहोचायची सकाळी 7:30, दोन्ही त्या त्या गावच्या घड्याळाने. जानेवारीत न्यूयॉर्क आपल्यामागे साडेदहा तास असतं. सहात साडेदहा मिळवले की साडेसोळा. तिकीट समोर असताना एवढं सांगायला हवं होतं. काकांच्या इन्सुलिनच्या वेळा तुम्ही चौदा तासांवर बसवल्या होत्या, हे वाचून ओशाळलो.

लांबच्या रूटचा आरोप मात्र मान्य नाही. साडेबारा हजार हे पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून धरल्यावर येणारं अंतर. तो दोरा पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया करत आइसलँडवरून जातो. विमानाला तशी मोकळीक नसते. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि तुमचं विमान भारतीय कंपनीचं होतं. मग अरबी समुद्रावरून वळसा आलाच.

जाता-येताच्या दोन तासांचं उत्तर वाऱ्यात आहे. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात तर फारच. अमेरिकेला जाताना ते तोंडावर येतात, परतताना पाठीवर. सरासरी शंभरचा वारा धरला तरी 900 च्या विमानाचा जमिनीवरचा वेग एकीकडे 800 आणि दुसरीकडे 1000 होतो. एअर इंडियाने 2016 मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून 15,300 किलोमीटरच्या आसपास गेलं, तरी वारा पाठीशी असल्याने वेळ वाचला. कमी किलोमीटर म्हणजे लवकर पोहोचणं, हे आमच्या धंद्यात खरं नाही.

व्हीलचेअरबद्दल तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय. ती नोंद आमच्याकडून राहिली. त्याला वारा जबाबदार नाही, मी जबाबदार.

दोन्ही तिकिटांचं सेवाशुल्क परत करतोय. यापुढे किलोमीटर कुणालाही सांगणार नाही. ज्येष्ठ प्रवाशांना निघण्यापासून उतरण्यापर्यंतचे तास भारतीय वेळेत लिहून देणार, म्हणजे गोळ्या-औषधांचा हिशेब त्यावर करता येईल. आणि काकूंना सांगा, त्यांची मानेची उशी आमच्या काउंटरवर आहे. सांगलीत आलात की घेऊन जा.