ण आणि ळ ला पण झोपायच्या गोष्टीत घ्या की राव!

हल्ली लहान मुलांसाठी प्राण्यांची अक्षरपुस्तकं बरीच दिसतात, रात्री झोपताना वाचायची, चकचकीत कागद, मोठी चित्रं, प्रत्येक पानावर एक अक्षर एक प्राणी आणि दोन ओळी यमकाच्या. कल्पना मस्तच आहे, माझी पोरगी साडेतीन वर्षांची आहे त्यामुळे घरात हे रोजचंच. पण मराठीतली बरीचशी वाचताना सरळ कळतं की इंग्रजीचा साचा उचललाय आणि त्यात मराठी अक्षरं कोंबलीत. ए फॉर अमुक, बी फॉर तमुक, २६ अक्षरं, २६ प्राणी, तेच इथे. मग य ला याक, झ ला झेब्रा, आणि यमक जुळेना की शेवटी "छान" नाहीतर "महान" चिकटवायचं. अस्वल म्हणजे प्राणी छान, अजगर म्हणजे लांब महान, अशा थाटाचं. पोरांना ते कळतं बरं का, दुसऱ्या पानावर ती उठून पाणी मागतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपली वर्णमाला ए बी सी डी सारखी नुसती यादी नाहीये, ती तोंडात लावलेली आहे. क वर्ग घशात, मग टाळू, मग जीभ वळवून ट ठ ड ढ, मग दात, आणि शेवटी प फ ब भ म ओठांवर. आणि लहान बाळं बोलायला लागतात तीच मुळात ओठांवरच्या मामा, बाबा, पापा पासून. मग सुरुवात प वर्गापासून का नाही करायची? अ पासूनच सुरू करायचं असं झोपताना कोण विचारतंय? आणि बघा ना, पाचही अक्षरांना रोज दिसणारा नाहीतर ऐकू येणारा प्राणी आहे. आमच्याकडे हे चालतं:

पोपट बसला पेरूवर
फुलपाखरू फुलावर
बेडूक बसला बांधावर
भुंगा बसला भोपळ्यावर
मांजर बसलं मांडीवर

काहीही ग्रेट नाहीये, मी काही कवी नाही. पण यातलं "वर" आहे ना ते यमक फुकटात देतं, रोज नवीन जागा टाकायची, पोपट पाटावर, बेडूक बादलीवर, दमलात तर सगळेच गादीवर. पहिलं अक्षर आणि बसायची जागा एकाच अक्षराची, त्यामुळे अक्षर आपोआप कानात बसतं, "सांग बघू प कशाचा" असं विचारायची गरजच पडत नाही. आणि प्लीज विचारू पण नका. झोपायच्या वेळेला परीक्षा घेतली की पोरं एकदम टक्क जागी होतात, स्वानुभव.

दुसरं म्हणजे बाराखडी. एक अक्षर म्हणजे एक प्राणी हा हिशोब इंग्रजीला ठीक आहे, आपल्याकडे एका क मध्ये अख्खी वस्ती राहते, कबुतर, कासव, किडा, कुत्रा, केकाटणारं कोल्ह्याचं पिल्लू (हे केकाटणारं म्हणजे थोडी चलाखी आहे मान्य), कोंबडा. एका रात्रीला एकच अक्षर पुरतं. घाई कसली आहे, केजीचा इंटरव्ह्यू आहे का उद्या?

आणि यमकाचं म्हणाल तर आपल्या भाषेने प्राण्यांच्या पिल्लांची नावंच जुळवून ठेवलीत. कोकरू, वासरू, शिंगरू, आणि हे सगळं ज्याला सांगतोय ते लेकरू! त्यात शेकरू टाका. आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी, भीमाशंकरच्या जंगलात राहतं, लांब झुपकेदार शेपूट, या झाडावरून त्या झाडावर उड्या, उंच फांद्यांत घरटं, आणि एक नाही अनेक घरटी बांधतं. शिवाय दिवसा हुंदडतं आणि रात्री झोपतं, म्हणजे आईबापांच्या बाजूचा प्राणी. श ला शहामृग आपण पिढ्यान् पिढ्या अंकलिपीत बघतोय, त्याच्याशी माझं वैर नाही, पण शेकरूला पण एक पान द्या ना कुणीतरी. तीच गोष्ट ख ला खंड्या, ध ला धनेश, भ ला भेकर, ट ला टिटवी. टिटवी तर रात्री खरंच ओरडते, गावाला गेलात तर आवाज दाखवून गोष्ट सांगता येते.

आता ण आणि ळ. या दोघांपासून मराठीत शब्दच सुरू होत नाही म्हणून अंकलिपीत ण ला बाण आणि ळ ला बाळ, आणि प्राण्यांच्या पुस्तकात तर सरळ गाळून टाकतात. पण अरे, यमक कुठे असतं? शेवटी! आणि हे दोघं राहतात कुठे? बरेचदा शेवटीच! म्हणजे यमकाच्या पुस्तकात सगळ्यात जास्त मान यांना पाहिजे. हरीण आणि वाघीण, धामण आणि सुगरण, टोळ आणि त्याने घातलेला घोळ, वटवाघूळ आणि खुळखुळ. ढेकूण पण आहे, तो ढ आणि ण दोन्हीकडे चालतो, गादीच्या गोष्टीत तर हक्काने. (ऊ ला ऊ हाच प्राणी आहे हे पोरीला कळल्यापासून घरात पाहुणे आले की मला धास्ती असते.)

वाईट प्राणी नकोत, घाण प्राणी नकोत असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. पोरांना पाल, झुरळ, डास, चिचुंद्री प्रचंड आवडतात, सिंहापेक्षा जास्त, कारण सिंह घरात येत नाही.

तर जे कुणी लिहितायत, चित्रं काढतायत त्यांना विनंती, आधी मोठ्याने म्हणून बघा, दिवा बंद करून, पुस्तक न बघता. जे पाठ राहतं तेच ठेवा. लाईट गेली तरी आजीला म्हणता आलं पाहिजे.

माझी गाडी ठ वर अडकलीये. छ ला छावा मिळाला, थ ला पक्ष्यांचा थवा चालवून घेतला, ऐ ला ऐरावत आहेच. ठ ला मी "ठिपक्यांचं हरीण" म्हणतेय तर कन्येचं म्हणणं, आई ते ह चं आहे, तू चीटिंग करतेस. कुणाला ठ चा खराखुरा प्राणी माहीत असेल तर सांगा, पक्षी किडा काहीही चालेल, आज रात्रीच्या आत मिळाला तर उपकार होतील.