निर्गुंडीच्या पानाला हमखास उत्तीर्ण करण्याची रीत

पदव्युत्तर प्रकल्पासाठी विषय शोधत असाल, तर कोकणात राहणाऱ्या आपणास दूर जाण्याचे कारण नाही. पऱ्ह्याच्या काठी निर्गुंडी माजलेली आहे, बाळंतिणीच्या न्हाणीत आणि दुखऱ्या गुडघ्यांच्या शेकासाठी तिचा पाला पिढ्यानपिढ्या वापरला जातो, आणि तिच्यावर आधीच इतके निबंध निघाले आहेत की आपला निष्कर्ष प्रयोगापूर्वीच लिहून ठेवता येतो.

पाला आणताना वनस्पतीची ओळख पटवण्यात वेळ घालवू नये. किनाऱ्यालगत निर्गुंडीची जवळची नातलग व्हायटेक्स ट्रायफोलिया वाढते. दोघींचा पाला एकाच पिशवीत आला तरी भुकटी हिरवीच होते. मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियमसारख्या, वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात नमुना पडताळता येतो खरा, पण त्यासाठी फुलोऱ्यासह फांदी दाबून वाळवावी लागते. त्यापेक्षा 'स्थानिक जाणकाराने ओळख पटवली' असे लिहावे. जाणकार रिक्षा चालवतो, हे लिहिण्याची सक्ती नाही. पाला सावलीत वाळवावा असा दंडक आहे आणि श्रावणात आमच्याकडे सावलीत फक्त बुरशी वाढते. त्या बुरशीला घाबरून जाऊ नये. पेनिसिलिन बुरशीचेच, तिने काही जीवाणू मारलेच, तर श्रेय निर्गुंडीच्या नावावर जमा होईल.

आजी पाला पाण्यात उकळते, म्हणून आपण द्रावक म्हणून मेथेनॉल घ्यावे. ते विषारी आहे आणि कोणत्याही घरात त्याचा काढा होत नाही, तरीही प्रस्तावनेत आजीचा आणि आयुर्वेदाचा आदरपूर्वक उल्लेख करून पुढच्याच परिच्छेदात मेथेनॉलकडे वळल्यास परंपरा सिद्ध झाल्याचे समाधान सर्वांनाच मिळते. अर्क काढण्यासाठी सॉक्सलेटचे उपकरण वापरावे, जे 1879 साली दुधातील स्निग्धांश मोजण्यासाठी वर्णिले गेले. त्यात द्रावक तासन्‌तास उकळत राहतो, आणि उष्णतेने काही नष्ट होत असेल तर ते आपल्याला दिसतच नाही. चीनच्या औषध-संशोधक तू यूयू यांना मात्र असा संशय आला. 1971 मध्ये त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला, तो हिवताप झालेल्या प्राण्यांवर तपासला, आणि त्या वाटेने मिळालेल्या आर्टेमिसिनिन या हिवतापावरच्या औषधासाठी 2015 साली त्यांना नोबेल मिळाले. आपल्याला सत्राअखेर गुण हवे आहेत. इतक्या खटाटोपाची गरज नाही.

आता मुख्य प्रयोग. आगरच्या, म्हणजे जीवाणू वाढवण्याच्या जेलीच्या, थाळीत जीवाणू पसरून खड्डा पाडावा आणि त्यात मिलिलीटरला 100 मिलिग्रॅम इतका दाट अर्क ओतावा. शुद्ध प्रतिजैविके याच्या हजारो पटींनी विरळ असताना काम करतात, ही गोष्ट तक्त्यात शेजारीशेजारी येणार नाही याची काळजी घ्यावी. नुसत्या द्रावकाचा खड्डा मुळीच पाडू नये, कारण अर्कात मेथेनॉल उरले असेल तर जीवाणू त्यानेच मेलेले असू शकतात आणि तो आगाऊ खड्डा ते सांगून टाकतो. खड्ड्याभोवतीचे, जीवाणू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजून दोन दशांश स्थळांपर्यंत लिहावे, पट्टी शाळेची असली तरी.

अँटिऑक्सिडंट गुणधर्म तर बुडवता म्हणून येत नाही. डीपीपीएच या चाचणीच्या रसायनाचे जांभळे द्रावण अर्काने पिवळे पडते आणि 517 नॅनोमीटरला प्रकाशाचे शोषण उतरते. चहा, कोकम, आंब्याचा पाला, पॉलिफेनॉल ही वनस्पतिद्रव्ये असलेले काहीही घातले तरी हेच घडते. पोटात गेल्यावर, पचनातून आणि यकृतातून सुटून त्यातले किती रक्तात उरते, हा प्रश्न मौखिक परीक्षेत बाहेरून आलेले गृहस्थ विचारू शकतात. त्यांच्या जेवणात सुरमई असावी.

धाडस असेल तर कर्करोगाच्या पेशीही घ्याव्यात. पुरेसा दाट अर्क ओतला की त्या मरतात. आपल्या समुद्राचे खारे पाणी ओतले तरी त्या मरतात, म्हणून निरोगी पेशींची थाळी शेजारी ठेवू नये. वृत्तपत्राला कळवताना 'थाळीत' हा शब्द गाळावा.

शेवटी 'अधिक संशोधनाची आवश्यकता आहे' हे वाक्य न विसरता घालावे. त्या संशोधनात सक्रिय रेणू वेगळा करणे, त्याची मात्रा ठरवणे, तो उंदरांना देणे यांपैकी काहीही येत नाही. पुढल्या वर्षीच्या विद्यार्थ्याने त्याच झाडाची साल घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ. मुळे त्याच्या पुढच्यासाठी राखीव आहेत.