केदारकांठ्याला थंडी वाजली म्हणून मिळालेल्या दोन स्टारना दुकानाचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण "उणे 5 छापून गिऱ्हाइकाला फसवतात" हे तुम्ही चारचौघांत लिहिलंत, तेव्हा उत्तरही चारचौघांतच देतो. जरा लांबेल, कारण हाच प्रश्न दर हिवाळ्यात दुकानात कोणी ना कोणी विचारतंच.

ज्यांनी रिव्ह्यू वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅडम आणि त्यांच्या मिस्टरांनी डिसेंबरातल्या, उत्तराखंडातल्या केदारकांठा ट्रेकसाठी आमच्याकडून एकाच मॉडेलच्या दोन डाऊन, म्हणजे पक्ष्यांची मऊ पिसं भरलेल्या, स्लीपिंग बॅगा घेतल्या. मागणी अगदी स्पष्ट होती: वजन किलोच्या आसपास हवं, आत कुशीवर वळता आलं पाहिजे, पाय पोटाशी घेता आले पाहिजेत, आणि ममी बॅगेसारखं, म्हणजे पायांकडे निमुळतं आणि अंगालगत आवळून टाकणारं, काही नको. बॅग तशी मिळाली, हे त्यांनीच लिहिलंय. पण वरच्या कँपवर मिस्टर घोरत होते आणि मॅडम रात्रभर कुडकुडत होत्या. तंबूतला थर्मामीटर उणे 1 दाखवत होता. मग छापलेला आकडा तरी खोटा, नाहीतर त्यांच्या वाट्याला आलेली बॅग तरी खराब, असा त्यांचा निष्कर्ष. आणि वापरलेली बॅग आम्ही परत घेत नाही, याचा राग वेगळा.

आधी आकड्याचं बोलू. स्लीपिंग बॅगेचं तापमान मोजायचं युरोपीय प्रमाणक 2002 साली आलं, ईएन 13537. 2016 पासून त्याची जागा आयएसओ 23537 ने घेतली. थंड खोलीत, मॅटवर, थर्मल घातलेला तापणारा पुतळा बॅगेत निजवतात आणि त्याची उष्णता किती वेगाने निघून जाते ते मोजतात. त्या मोजणीतून निघतात तीन आकडे. कम्फर्टचा आकडा प्रमाणित बाईसाठी: वय 25, उंची 1.60 मीटर, वजन 60 किलो, सैलावून झोपलेली. लिमिटचा आकडा प्रमाणित पुरुषासाठी: 1.73 मीटर, 73 किलो, अंग मुडपून झोपलेला, थंडी वाजायच्या अगदी काठावर. तिसरा एक्स्ट्रीम. त्याचा झोपेशी संबंध नाही; सहा तास कसाबसा जीव तगेल, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या बॅगेच्या आतल्या पट्टीवर हे तिन्ही आहेत: कम्फर्ट +1, लिमिट -5, एक्स्ट्रीम -21. कंपनी बाहेरच्या पिशवीवर मोठ्या अक्षरात मधला छापते. ही पद्धत मलाही आवडत नाही. म्हणूनच बिलाच्या मागे आम्ही हाताने कम्फर्टचा आकडा लिहून देतो. तुमच्या बिलावरही तो आहे, एकदा उलटून बघा.

आता तंबूतला उणे 1 त्या पट्टीशी लावून बघा. तुमच्या मिस्टरांच्या आकड्याच्या तो चार अंश वर आहे आणि तुमच्या आकड्याच्या दोन अंश खाली. एकाच मॉडेलच्या दोन बॅगा, एकच तंबू, एक घोरतोय आणि एक जागी. बॅग खोटी असती तर दोघंही जागे असता. सरासरीने बायकांचं शरीर विश्रांतीत उष्णता कमी तयार करतं आणि हातपाय लवकर गार पडतात. यात कोणी नाजूक आणि कोणी दणकट असं काही नाही.

पण नुसत्या दोन अंशांनी रात्रभर कुडकुडायला होत नाही. तुमच्या रिव्ह्यूत एक वाक्य आहे, जे तुम्ही जाता जाता लिहून गेलात: "कुशीवर वळलं की खालची बाजू बर्फावर ठेवल्यासारखी गार." माझ्या मते सगळं त्यातच आलं. डाऊन ऊब देतं ते फुगून, पिसांमध्ये हवा अडकवून. अंगाखाली दाबलं गेलेलं डाऊन चपटं होतं, त्यात हवा राहत नाही, आणि मग तुमच्या कमरेत आणि बर्फात फक्त मॅट उरते. कुशीवर झोपणाऱ्याचं बरंचसं वजन खांदा आणि कंबर एवढ्याच दोन जागी पडतं, म्हणून तिथे आधी गारठतं. मॅटच्या ऊब अडवायच्या ताकदीला आर-व्हॅल्यू म्हणतात. साध्या फोमच्या मॅटची ती दोनच्या आसपास असते. आपल्या सह्याद्रीत तेवढी पुरते. बर्फावर तंबू असेल तर चार-पाच हवी. एकावर एक दोन मॅट टाकल्या की आकड्यांची सरळ बेरीज होते, एवढं हे सोपं आहे. तुम्हाला कँपवर एकच पातळ फोम मिळाली होती, असं तुम्हीच लिहिलंय. त्या मॅटवर मी तुम्हाला दोन किलोची बॅग दिली असती तरी कंबर गारच पडली असती.

मोकळ्या बॅगेचा मुद्दा. बॅग स्वतः ऊब तयार करत नाही, आतली हवा तापवावी लागते ती तुमच्याच अंगाला. जेवढी रिकामी जागा जास्त, तेवढी तापवायला हवा जास्त, आणि कूस बदलली की ती गरम हवा गळ्यापाशी बाहेर. म्हणून गिर्यारोहक ममी वापरतात, हौसेने नव्हे. पण फार आवळलेली बॅगही वाईटच: गुडघा, कोपर आतून कापडाला टेकलं की तिथलं डाऊन चेपतं आणि नेमक्या त्या जागी थंडी शिरते. तेव्हा मोकळी बॅग मागणं हे काही चूक नाही. जागा कुठे हवी हे बघायचं. कुशीवर झोपणाऱ्याला ती कोपर आणि गुडघ्यांपाशी हवी, पायांच्या टोकाशी नको. अमेरिकेतल्या निमो कंपनीने चमच्यासारखा आकार काढला तो याचसाठी. जपानच्या माँटबेल कंपनीने शिवणीतच इलॅस्टिक घातलं, म्हणजे गुडघा वर घेतला की बॅग ताणते आणि सोडला की परत अंगालगत येते. दोन्ही कल्पना मला पटलेल्या आहेत. किंमत बघितल्यावर मात्र गिऱ्हाईक बॅग हळूच खाली ठेवतं, त्यामुळे त्या ऑर्डरशिवाय मी मागवत नाही.

तुम्ही घेतलेला साइज लाँग आहे. तुमची उंची पाच फूट एक. रेग्युलर पुरला असता आणि तो तेव्हा रॅकवर होता, पण मिस्टरांच्या बॅगेला चेन जोडून दोघांची एक करायची म्हणून तुम्हाला त्यांच्याच मापाची, उलट्या बाजूच्या चेनची हवी होती. ठीक आहे, जोडपी तशी घेतातच. पण मग पायांपाशी फूटभर पोकळी राहते आणि ती रात्रभर तुमची तुम्हालाच तापवावी लागते. यावर उपाय फुकटचा आहे: उद्याचे कोरडे कपडे, जॅकेट, सगळं पायांशी कोंबायचं. जागा भरते आणि सकाळी घालायला कपडे गरम मिळतात. गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून मांड्यांमध्ये ठेवायची, झाकण दोनदा तपासून. मोकळ्या बॅगेला गळ्यापाशी पट्टा नसतो, तिथे मफलर गुंडाळायचा. कानटोपी हवीच. आणि तुम्ही डोकं आत घेऊन झोपलात, तेवढं मात्र करू नका. श्वासातली वाफ डाऊनमध्ये शिरते, ओलं डाऊन फुगत नाही, आणि पुढची रात्र आणखी गार जाते. सकाळी बॅग आतून दमट लागली, असं तुम्ही लिहिलंय ते त्यामुळेच.

"ऑनलाइन उणे 10 ची, 900 ग्रॅमची, तीही मोकळी बॅग दोन हजारांत मिळते, हे लोक तिप्पट लावतात," असंही तुम्ही म्हणता. मिळते ना, मीही बघितली आहे. त्या उणे 10 च्या पुढे कोणतं प्रमाणक लिहिलंय ते शोधा. काहीच नसेल तर आकडा छापणाऱ्याच्या मर्जीचा. आत बहुधा हॉलोफायबर, म्हणजे कृत्रिम पोकळ तंतू, भरलेलं असतं. त्याला मी वाईट म्हणणार नाही, पावसाळी दमटपणात ते डाऊनपेक्षा बरं वागतं आणि घरी धुता येतं. पण 900 ग्रॅमच्या हॉलोफायबरमध्ये, तेही ऐसपैस मापाचं, उणे 10 ला झोप लागणं शक्य नाही. डाऊनचं गणित उघडं असतं: 650 फिल पॉवर म्हणजे एक औंस, साधारण 28 ग्रॅम, डाऊन फुगून 650 घन इंच जागा व्यापतं. 800 चं असेल तर तेवढ्याच उबेला डाऊन कमी लागतं, वजन उतरतं आणि किंमत चढते. बॅग रुंद केली की कापडही वाढतं आणि डाऊनही. हलकी, मोकळी, गरम आणि स्वस्त या चारांतल्या तीन गोष्टी मी दाखवू शकतो, चारही एकत्र असलेली बॅग माझ्याकडे नाही.

त्या दिवशी मी तुमच्यासमोर दुसरी एक बॅगही काढली होती, कम्फर्ट -7 ची, दीड किलोच्या जवळपास. तुम्ही ती हातात घेतलीत आणि जड म्हणून परत दिलीत. निवड तुमची होती आणि पाठीवर ओझं घेऊन चालणाऱ्याने वजन बघायलाच हवं. पण तुमच्याच फोटोंत सॅक खेचरावर दिसतेय. सॅक खेचर नेणार असेल तर पाचशे ग्रॅमसाठी ऊब सोडू नये, हे इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. आणि केदारकांठ्यासारख्या ट्रेकला बरेच आयोजक कँपवर बॅग देतात. ती जाड, अवजड असली तरी आपली हलकी बॅग तिच्या आत घालून झोपलं की बर्फावरची रात्रही निभावते.

परतीचं. वापरलेली बॅग परत घेणार नाही, हे बिलावर छापलेलं आहे आणि त्यात बदल नाही. कोणी तरी चार रात्री झोपलेली बॅग नवी म्हणून तुम्हाला विकली तर तुम्हाला चालेल का? मात्र बॅगच सदोष आहे असा संशय असेल तर ती घेऊन या, मिस्टरांचीही आणा. दोन्ही टेबलावर सोडून तासाभराने मोजपट्टीने फुगवटा तुमच्यासमोर मोजू. तुमची कमी भरली तर कंपनीकडून बदलून आणायची जबाबदारी माझी. बरोबर भरली तर तुमच्या बॅगेची चेन न जोडताही गळा आवळता येईल अशी दोरी शिंप्याकडून बसवून देतो, त्याचे पैसे घेणार नाही. पुढच्या हिमालयाच्या ट्रेकला आमच्या भाड्याच्या सामानातली हवेची इन्सुलेटेड मॅट एकदा मोफत घेऊन जा. तिच्याखाली तुमची फोम टाका.

तोवर ही बॅग कपाटात आवळून ठेवू नका. छोट्या पिशवीत महिनोन् महिने दाबून ठेवली की डाऊनचा फुगवटा जातो. सोबत मोठी जाळीची पिशवी दिली होती, तिच्यात सैल टाकून ठेवा. जानेवारीत हरिश्चंद्रगडावर किंवा रतनगडावर मुक्कामाला घेऊन जा. तिथल्या गारठ्याला कम्फर्ट +1 ची बॅग भरपूर होते, बहुतेक चेन अर्धी उघडून झोपावं लागेल. झोप कशी लागली ते याच रिव्ह्यूत खाली लिहिलंत तरी चालेल, स्टार बदला किंवा बदलू नका.

दुकान सोमवारी बंद असतं. शनिवार-रविवार गर्दी असते, फुगवटा मोजायला मधल्या वारी सकाळी आलात तर निवांत बघता येईल.